चामड्यावरची तांबडी भुकटी

जुन्या वकिलाच्या किंवा प्रोफेसराच्या घरांत कायद्याच्या रिपोर्टांचें, कोशांचें किंवा विलायती काव्यसंग्रहांचें एखादें कपाट हटकून असतें. वर्षानुवर्षें न उघडलेल्या त्या कपाटांतून चामड्याच्या बांधणीचा एक जाड ग्रंथ बाहेर काढला, कीं बोटांना विटकरी रंगाची बारीक भुकटी लागते, सदऱ्याच्या बाहीवर तिचा डाग उमटतो, आणि पाठीचा सांधा नुसत्या धक्क्यानें तुटून हातांत येतो. घरांतील वडील मंडळी "जुनें झालें, दुसरें काय!" असें म्हणून ग्रंथ होता तेथें ठेवून देतात. कोणी उत्साही गृहस्थ खोबरेल तेलांत बुडविलेला बोळा त्यावरून फिरवितो, आणि दुसऱ्या दिवशीं काळा पडलेला, चिकट झालेला पुठ्ठा पाहून खट्टू होतो.

वडिलांचें निदान खरें नाहीं आणि उत्साही गृहस्थाचा उपाय कामाचा नाहीं, ही गोष्ट ज्या शोधांतून कळून आली, त्या शोधाचा इतिहास सुमारें दीडशें वर्षांचा आहे. त्यांत लंडनच्या एका लोहाराचा मुलगा आहे, श्रीमंतांचे क्लब आणि मोठमोठीं ग्रंथालयें आहेत, मद्रासकडील कातडीं कमावणारे कारागीर आहेत, आणि आपल्याकडील माळावर पिवळ्या फुलांनीं बहरणारा तरवड व सह्याद्रीच्या रानांतला हिरडा हेही आहेत.

प्रथम चामडें म्हणजे काय, तें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. जनावराचें कच्चें कातडें वाळलें कीं लाकडासारखें ताठ होतें आणि भिजलें कीं कुजूं लागतें. बाभळीची किंवा ओक वृक्षाची साल, हिरडा, भूमध्यसमुद्राकांठच्या सुमाक नांवाच्या झुडुपाचीं पानें, अशा तुरट वस्तूंचा अर्क त्या कातड्यांत मुरविला, म्हणजे त्या अर्कांतील द्रव्य कातड्याच्या तंतूंना घट्ट बिलगतें आणि कातडें कुजेनासें होतें. यालाच कातडें कमावणें म्हणतात. नीट कमावलेलें चामडें पिढ्यानुपिढ्या टिकतें, असा पूर्वीं सर्वत्र समज होता. आणि तो निराधार नव्हता. युरोपांतील ग्रंथालयांत १६ व्या शतकांतील डुकराच्या पांढऱ्या चामड्याच्या बांधणीचीं पुस्तकें आजही भक्कम आहेत. मात्र त्यांच्याच शेजारीं उभीं असलेलीं १८६० नंतरचीं पुस्तकें भुकटी होऊन गळत आहेत. आजोबा ताठ उभे आणि नातू काठी टेकीत चाललेला, असा हा प्रकार! नुसत्या वयाचें कारण येथें लागू पडत नाहीं, हें उघड आहे.

हा प्रश्न ज्यानें प्रथम शास्त्रीय दृष्टीनें हातांत घेतला, तो मायकेल फॅरडे. विजेच्या शोधांमुळें त्याचें नांव शाळेंतल्या मुलांनाही ठाऊक असतें. परंतु तो मूळचा पुस्तकबांधणीच्या धंद्यांतला होता, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. लोहाराच्या घरीं १७९१ सालीं जन्मलेला हा मुलगा १८०५ मध्यें लंडनमधील जॉर्ज रीबो या पुस्तकविक्रेत्याकडे उमेदवार म्हणून राहिला, आणि सात वर्षें त्यानें तेथें पुस्तकें शिवलीं, पुठ्ठे चढविले, आणि बांधतां बांधतां वाचलीं. तेव्हां चांगलें चामडें हाताला कसें लागतें हें त्याला पुस्तकावरून शिकावें लागलें नव्हतें.

१८२४ मध्यें लंडनांत ॲथेनियम नांवाचा विद्वानांचा क्लब निघाला. आरंभीं थोडे दिवस फॅरडे त्याचा चिटणीस होता. पुढें त्या क्लबांत दगडी कोळशाच्या ग्यासचे दिवे आले. लखलखीत उजेड पाहून सभासद खूष झाले. पण कांहीं वर्षांनीं वाचनालयांतील खुर्च्यांचें चामडें तडकूं लागलें आणि पुस्तकांच्या पाठी झडूं लागल्या. फॅरडेनें १८४३ सालीं रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानांत याचें कारण सांगितलें. कोळशाच्या ग्यासमध्यें गंधकाचा अंश असतो. तो जळला कीं आंबट वायु होतो. आणि ग्यास जळतांना निघणाऱ्या पाण्याच्या वाफेबरोबर तो वायु चामड्यांत शिरतो. रसायनाच्या भाषेंत बोलावयाचें, तर चामड्यांत हळूहळू गंधकाम्ल, म्हणजे बाजारी भाषेंतला गंधकाचा तेजाब, तयार होतो.

आणि उपाय? फॅरडेनें सभासदांना तेल लावावयास सांगितलें नाहीं. त्यानें दिव्यांतून निघणारी हवा नळीवाटे थेट बाहेर नेणारा नव्या रचनेचा दिवा तयार केला, आणि त्याचें पेटंट आपल्या रॉबर्ट नांवाच्या भावाला घेऊं दिलें. दुखणें खोलींतल्या हवेंत आहे, तेव्हां हवा सुधारा, असा तो सरळ विचार होता. पुढील शंभर वर्षांत बहुतेकांना त्याचा विसर पडला, हें या इतिहासांतलें मोठें आश्चर्य आहे.

त्या काळीं तेजाबाची भीति फारशी कोणाला वाटत नसे, याचें एक गमतीदार उदाहरण बुटांच्या काळ्या रंगाचें. हाडांच्या कोळशाची पूड, काकवी, शिरका व तेल यांच्या मिश्रणांत गंधकाचा तेजाब घालून हा रंग करीत, आणि गृहस्थांचे नोकर तो रोज सकाळीं बुटांवर घांसून घांसून चकाकी आणीत. चार्ल्स डिकन्स बारा वर्षांचा असतांना १८२४ सालीं याच रंगाच्या एका कारखान्यांत बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटविण्याचें काम करीत होता, आणि त्या दिवसांची सल त्याच्या मनांतून कधीं गेली नाहीं. बूट दोन वर्षांत झिजून जाई, म्हणून रंगांतला तेजाब उघडकीस येत नसे. पुढें टर्पेंटाइनमध्यें मेण विरघळवून केलेलीं पॉलिशें निघालीं. मेलबर्नचें किवी पॉलिश १९०६ सालचें. त्यानंतर जुना काळा रंग बाजारांतून हळूहळू नाहींसा झाला. चामड्याच्या दृष्टीनें ती सुटकाच होती.

पुस्तकांची सुटका मात्र झाली नाहीं. जेथें ग्यास कधीं जळला नव्हता अशा कपाटांतलीं नवीं पुस्तकेंही झडूं लागलीं, तेव्हां ग्रंथपाल मंडळींनीं ओरड केली. आणि १९०० सालीं लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सनें एक समिति नेमली. व्हायकाउंट कोबम हे तिचे अध्यक्ष होते. तींत लीड्सचे प्राध्यापक प्रॉक्टर यांच्यासारखे चामड्याचे रसायनज्ञ होते आणि डग्लस कॉकरेल यांच्यासारखे हातानें पुस्तकें बांधणारे कारागीरही होते. रसायनज्ञ आणि कारागीर एका मेजाशीं बसले, हें त्या समितीचें खरें वैशिष्ट्य. एका उपसमितीनें ग्रंथालयांतून फिरून निरनिराळ्या शतकांतल्या बांधण्या हाताळून पाहिल्या. दुसरीनें प्रयोगशाळेंत तपासण्या केल्या. सबंध अहवाल १९०५ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला.

समितीचा निष्कर्ष असा, कीं १८३० च्या सुमारास चामड्याला उतरती कळा लागली आणि १८६० नंतर ती फारच वेगानें वाढली. कारणें अनेक होतीं. रंग उजळ यावा म्हणून रंगाच्या हौदांत गंधकाम्ल टाकीत, आणि तें कितीही धुतलें तरी चामड्यांतून पुरतें निघत नसे. पुस्तक नाजुक दिसावें म्हणून चामडें तासून तासून कागदासारखें पातळ करीत. तंतूंचा बळकट थरच त्यांत निघून जाई. हलक्या मेंढीच्या चामड्यावर दाबयंत्रानें उंची बकऱ्याच्या चामड्याचे खोटे कण उठवीत. त्यांत ग्यासचा धूर आणि उन्हाचा मारा यांची भर. ग्रंथालयाच्या खिडक्यांना फिकट पिवळ्या किंवा हिरवट कांचा बसवाव्यात, अशीही सूचना समितीनें केली होती.

परंतु आपल्या दृष्टीनें महत्त्वाचा आहे तो निराळाच मुद्दा. कोणत्या वनस्पतीनें कातडें कमावलें यावर त्याचें आयुष्य अवलंबून असतें, असें समितीला दिसून आलें. सुमाकनें कमावलेलें चामडें सर्वांत टिकाऊ ठरलें. सर्वांत वाईट ठरलेल्यांत होतें तें 'पर्शियन' या नांवानें लंडनच्या बाजारांत येणारें मेंढीबकऱ्याचें चामडें. या पर्शियन चामड्यानें इराण देश स्वप्नांतही पाहिला नव्हता. तें येत असे मुख्यत्वें मद्रास इलाख्यांतून, आणि तें कमावलेलें असे तरवडाच्या सालीनें. दिसावयास फिकट, सुबक आणि किंमतीला स्वस्त, म्हणून विलायतेंतले पुस्तकबांधे त्यावर तुटून पडले होते. अशा चामड्यावर एका वर्षाच्या आंत झिजेचीं चिन्हें दिसतात, आणि उजेडांत किंवा ग्यासच्या धुरांत ठेवलेलें पुस्तक पांचसहा वर्षांपलीकडे धड राहील अशी आशा धरूं नये, असा समितीचा निर्वाळा होता.

हा निर्वाळा शास्त्रदृष्ट्या बरोबर होता. तुरट द्रव्यांचे दोन मोठे वर्ग आहेत. तरवड आणि बाभूळ यांच्या सालींतील द्रव्य मुख्यत्वें एका वर्गांतलें. तें हवेंतील गंधकाचा वायु अधिक शोषून घेतें आणि त्या चामड्याला तांबडी कूज लवकर लागते. सुमाक दुसऱ्या वर्गांतला. आणि त्याच वर्गांत आपला हिरडाही येतो. लंडनच्या व्यापाऱ्यांना हिरडा चांगला परिचयाचा होता. तेथील बाजारांत त्याच्या प्रतींना जबलपूर, भीमलीपट्टण, वेंगुर्लें अशा गांवांचीं नांवें होतीं. कोंकणांतल्या एका लहानशा बंदराचें नांव अशा रीतीनें विलायती कातडीवाल्यांच्या तोंडीं रोज येत असे. म्हणजे एकाच देशांतून गेलेल्या मालांपैकीं एक तारक निघाला आणि एक मारक.

तरीही तरवडाच्या चामड्यावर, आणि पर्यायानें तें करणाऱ्या कारागिरांवर, जो शिक्का बसला तो पूर्ण न्यायाचा होता असें म्हणतां येत नाहीं. त्या कारागिरानें तें चामडें लंडनच्या ग्यासच्या धुरांत पन्नास वर्षें निश्चल उभें राहण्यासाठीं केलें नव्हतें. पहिल्या महायुद्धांत याच मद्रासी पद्धतीनें कमावलेल्या गाईगुरांच्या कातड्यांची इंग्रज सरकारला इतकी निकड भासली, कीं तीं सरकारनें सरसकट खरेदी केलीं, आणि सैनिकांच्या बुटांचे वरचे भाग त्यांतून तयार झाले. ग्रंथाला अपात्र ठरलेलें चामडें खंदकांतल्या चिखलाला पात्र ठरलें! पुस्तकबांध्याचा लोभ आणि दलालाचें खोटें नांव यांचा दोष साल उकळणाऱ्याच्या माथीं मारण्यांत आला, असेंच म्हणावें लागतें.

महाराष्ट्रांतील ढोर समाजाचा हा पिढीजात धंदा पाहिला, तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. भिजवून केस काढलेलें जनावराचें कातडें ते पिशवीसारखें शिवीत आणि तिकाटण्याला टांगून तींत बाभळीची साल व हिरडा यांचा काढा भरीत. काढा हळूहळू झिरपून खालच्या भांड्यांत पडे; तो पुन्हां वर ओतावयाचा. असें दिवसेंदिवस चाले. या चामड्याच्या मोटा होत, पखाली होत, तेलातुपाचे बुधले होत; चांभार त्याच्या वहाणा करी आणि जिनगर घोड्याचें सामान शिवी. मोट दिवसभर विहिरींत बुडे आणि रात्रीं वाळे; नाड्याला सतत पीळ बसे. अशा वस्तूंना वरचेवर तेल पाजावें लागे. तेल पाजणें हा शब्दच किती बोलका आहे! जी वस्तु रोज वांकते, भिजते आणि सुकते, तिच्या तंतूंना वंगण लागतें. तें नसेल तर ते एकमेकांवर घांसून तुटतात. ज्यांना तेल केव्हां व किती पाजावें हें ठाऊक होतें, त्यांच्या वस्तीकडे शिकलेला समाज फिरकत नव्हता; त्यामुळें तें ज्ञान ग्रंथांत उतरलें नाहीं, आणि शिकलेल्यांच्या घरीं उरली ती तेलाची बाटली तेवढी. केव्हां लावावयाचें हें सुटलें आणि लावावयाचें एवढेंच राहिलें.

मोटेचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट येथेंच सांगून टाकणें बरें. मद्रासेंत आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं क्रोम धातूच्या क्षारांनीं कातडें कमावण्याचे प्रयोग केले, त्यांचा एक उद्देश पाण्यांत न कुजणारी मोट करणें हा होता. क्रोमची रीत व्यापारी प्रमाणावर आणणारें ऑगस्टस शुल्ट्झ यांचें अमेरिकन पेटंट १८८४ चें. आज बुटांचें वरचें चामडें, पाकिटें, बॅगा बहुधा क्रोमच्याच असतात. या चामड्याला तांबडी कूज लागत नाहीं. कापलेली कड निळसर करडी दिसली तर चामडें क्रोमचें, आणि आरपार तपकिरी दिसली तर बहुधा सालीचें, एवढी खूण ढोबळ मानानें पुरते. अर्थात् रंग आंतपर्यंत गेला असेल तर ती फसते.

आतां पुन्हां पुस्तकांकडे वळावयाचें. १९३० नंतर इंग्लंडांत फॅरडे इन्स नांवाच्या संशोधकानें चामड्याची परीक्षा घेण्याची एक रीत बसविली. चामड्याच्या तुकड्यावर गंधकाम्ल घालावयाचें आणि मग आठवडाभर रोज हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकावयाचे. वाईट चामडें तेवढ्यांत काळें पडून लगदा होई, चांगलें टिके. जुन्या चामड्यांत कांहीं क्षार असतात आणि ते आम्लाला आवरून धरतात, हेंही याच संशोधनांत उघडकीस आलें. नव्या कारखान्यांत चामडें धुवून धुवून इतकें स्वच्छ करीत, कीं तें संरक्षणही धुतलें जाई. स्वच्छतेचा अतिरेक असाही नडतो.

१९३२ सालीं याहून मोठा प्रयोग सुरू झाला. निरनिराळ्या रीतींनीं कमावलेल्या चामड्यांत सारख्याच बांधण्या करून कांहीं पुस्तकें लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें ठेवलीं आणि कांहीं वेल्समधील ॲबरिस्टविथ येथील राष्ट्रीय ग्रंथालयांत ठेवलीं. ॲबरिस्टविथ हें समुद्राकांठचें लहान गांव. तेथें लंडनसारखा धुरांड्यांचा धूर नाहीं. पुस्तकें कपाटांत चढलीं. युद्ध आलें आणि गेलें. १९५२ च्या डिसेंबरांत विषारी धुक्यानें लंडनमध्यें हजारों माणसें दगावलीं, आणि १९५६ मध्यें तेथें शुद्ध हवेचा कायदा झाला. चार दशकांहून अधिक काळानें तीं पुस्तकें तपासलीं, तेव्हां वेल्समधलीं पुस्तकें लंडनमधल्या आपल्या जुळ्या भावंडांपेक्षां स्पष्टपणें चांगल्या स्थितींत निघालीं. चामडें तेंच, कारागीर तेच, वयही तेंच. निराळी होती ती हवा. फॅरडेनें १८४३ मध्यें दिलेला निकाल इतक्या वर्षांनीं कपाटांतील पुस्तकांनींच कायम केला.

मधल्या काळांत तेलमेणाचा मोठा बोलबाला झाला. ज्या पुस्तकांना नेहमीं हात लागतो त्यांचें चामडें मऊ राहतें, हा ग्रंथपालांचा अनुभव होता. त्यावरून हाताचा स्निग्धपणा चामड्याला पोसतो आणि कपाटांतलें चामडें उपाशी मरतें, अशी कल्पना रूढ झाली. अमेरिकेच्या शेतकी खात्यानें १९३० नंतर प्रसिद्ध केलेल्या पत्रकांत गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलें तेल आणि लोकरीची चरबी यांचें मिश्रण सुचविलें होतें. ब्रिटिश म्यूझियमच्या प्रयोगशाळेंतील हॅरल्ड प्लेंडरलीथ यांनीं १९४६ मध्यें चामडी बांधणीच्या रक्षणावर एक छोटें पुस्तक लिहिलें, आणि त्यांतील कृति जगभर पसरली. निर्जल लोकरीची चरबी, म्हणजे लॅनोलिन, २०० ग्रॅम; मधमाशांचें मेण १५ ग्रॅम; सेडार लाकडाचें तेल ३० मिलिलिटर; आणि हें सर्व विरघळविण्यास ३५० मिलिलिटर हेक्झेन. चरबी चामड्याला मऊपणा देते, मेण पृष्ठभाग बांधून धरतें, आणि सेडारच्या तेलामुळें बुरशीला अटकाव व्हावा अशी अपेक्षा होती. हेक्झेन उडून जातें. परंतु तें पेट्रोलसारखें भडकतें, म्हणून हें मिश्रण घरीं करण्याच्या भानगडींत कोणीं पडूं नये. मिश्रण अगदीं थोडें घेऊन चोळावें, दोन दिवस तसेंच ठेवावें आणि मग मऊ फडक्यानें घांसावें, असा तो विधि होता. यांतला 'अगदीं थोडें' हा शब्द वाचकांनीं सोयीस्करपणें गाळला.

परिणाम दिसावयास वेळ लागला नाहीं. तेलकट पाठींवर धूळ बसूं लागली. कांहीं ठिकाणीं चरबीचे पांढरे कण पृष्ठभागावर फुटून आले, आणि ते पाहून बुरशी आली अशा समजुतीनें लोकांनीं आणखी तेल लावलें! शेजारच्या पुस्तकांना आणि पानांच्या कडांना डाग पडले. १९८० नंतर या सर्व प्रकाराची फेरतपासणी झाली, आणि कपाटांत स्थिर असलेल्या चामड्याचें आयुष्य तेलानें वाढतें याला आधार मिळत नाहीं, असें संशोधकांनीं सांगितलें. तंतु आम्लानें तुटलेले असतात. तेलानें तुटलेला तंतु जोडला जात नाहीं आणि आम्लही निघून जात नाहीं. चामडें तहानेनें मेलें नव्हतें. त्याला विष चढलें होतें, आणि उपचार मात्र तहानेवर चालले होते. मोठ्या ग्रंथालयांतून सरसकट तेल चोळण्याची चाल मग बरीच मागें पडली.

याचा अर्थ प्लेंडरलीथ यांचें काम वायां गेलें असा मुळींच नाहीं. या विषयाला अडगळींतून प्रयोगशाळेंत आणणाऱ्यांत ते अग्रभागीं होते. १९५९ मध्यें रोम येथें निघालेल्या आंतरराष्ट्रीय संरक्षण केंद्राचे ते पहिले संचालक झाले. शिवाय त्यांची कृति घोड्याच्या जिनाला, पट्ट्यांना, वापरांतल्या पिशवीला आजही वाईट नाहीं. मोट आणि ग्रंथ यांतला भेद लोकांच्या लक्षांत राहिला नाहीं, एवढेंच.

मग घरच्या माणसानें करावें तरी काय? रोज वापरांत असलेल्या वहाणा, पट्टा, सालीच्या चामड्याची पिशवी यांवरची धूळ आधीं मऊ ब्रशानें काढावी. तेलाचा किंवा मेणाच्या मलमाचा हात अगदीं हलका, आणि तोही वस्तु कोरडी व स्वच्छ असतांना द्यावा. आधीं आंतल्या बाजूस ठिपका लावून रंग किती बदलतो तें पाहून घ्यावें. कपड्यांच्या साबणानें चामडें कधींही धुऊं नये. चामडें मूळचें किंचित् आम्लधर्मी असतें, आणि साबणाचा खार त्याला मानवत नाहीं. सालीनें कमावलेलें चामडें ओलें असतांना ७०–८० अंश उष्णतेलाच आखडतें, आणि जुनें झालेलें त्याहून पुष्कळ कमी उष्णतेला. म्हणून भिजलेल्या कोल्हापुरी वहाणा चुलीजवळ किंवा कडक उन्हांत ठेवणें म्हणजे त्यांचा निरोप घेणेंच होय. बूट असेल तर आंत कागदाचे बोळे कोंबावेत आणि सावलींत, वाऱ्यावर ठेवावा.

मुंबई-कोंकणांत तर लंडनच्या धुरापेक्षां पावसाळ्याचें भय जास्त. हवेंतील सापेक्ष आर्द्रता शेंकडा ६५ ते ७० च्या वर गेली आणि हवा कोंडली, कीं चामड्यावर बुरशी धरते. आणि पावसाळ्यांत मुंबईची आर्द्रता याच्या बरीच वर असते. खोबरेल तेल लावून बंद केलेल्या पेटींतली वस्तु सर्वांत आधीं पांढरी होते, कारण बुरशीला तें आयतें खाद्य मिळतें. डांबराच्या गोळ्या किडीला रोखतात. बुरशीपुढें त्यांचें फारसें चालत नाहीं. उघडीप पडलेल्या दिवशीं कपाट उघडें ठेवणें, वस्तु भिंतीपासून चार बोटें पुढें ओढणें, आणि बुरशी आलीच तर वस्तु घराबाहेर सावलींत नेऊन, नाकाला फडकें बांधून कोरड्या ब्रशानें झटकणें, हे उपाय दिसावयास साधे आहेत. पण यांहून अधिक परिणामकारक असें घरगुती औषध नाहीं.

आणि तांबडी भुकटी सुटलेलें पुस्तक? त्याला पाणी लावूं नये. लावलें तर तेवढा भाग कायमचा काळा आणि कडक होतो. तेलही लावूं नये. सेल्युलोजपासून केलेलें एक चिकट द्रव्य मद्यार्कांत विरघळवून जाणकार लोक अशा पाठीवर हलक्या हातानें लावतात. त्यानें भुकटी जागच्या जागीं बसते, मात्र गेलेलें बळ परत येत नाहीं. ज्या घरीं असा जाणकार सांपडत नाहीं, तेथें पाठीला ताण न देतां पुस्तक दोन्ही बाजूंनीं धरून काढावें, आणि आम्लरहित कागदाचें वेष्टण घालून किंवा धुतलेल्या सुती फडक्यांत गुंडाळून आडवें ठेवावें. आपल्याकडील पोथ्यांना चामडें कधीं लागलेंच नाहीं. दोन फळ्यांमध्यें सुटीं पानें ठेवून त्या रुमालांत बांधीत. पेशव्यांचें दफ्तर पुण्यांत अशाच रुमालांत बांधून ठेवलेलें होतें. विलायती बांधणीच्या आजारी ग्रंथाला शेवटीं तोच रुमाल उपयोगी पडतो. त्याची गांठ मात्र पाठीवर न मारतां पानांच्या मोकळ्या बाजूला मारावी.